आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ऑक्टोबर 2024 च्या मध्यावर चेन्नईत मुसळधार पावसाचा इशारा मिळाला आणि वेलचेरीतल्या लोकांनी आपापल्या गाड्या काढून जवळच्या उड्डाणपुलावर नेल्या. पुलाच्या दोन्ही कडांना गाड्यांची लांबच लांब रांग लागली. त्या रांगेची छायाचित्रे देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. बाहेरच्यांना त्यात गंमत वाटली, पण वेलचेरीकरांना ती गंमत नव्हती. 1 डिसेंबर 2015 च्या पावसात जवळच्या तांबरमला एका दिवसात सुमारे 49 सेंटीमीटर पाऊस पडला होता आणि वेलचेरीच्या वसाहती पाण्यात गेल्या होत्या. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने पुन्हा तेच घडवले. दोनदा हात पोळलेल्या माणसाने तिसऱ्यांदा गाडी पुलावर नेली, तर त्याला शहाणाच म्हणायला हवे.

वेलचेरीची जमीनच सखल. एका बाजूला तलाव, दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल. दक्षिण चेन्नईतल्या अनेक तलावांचे जादा पाणी याच दलदलीत उतरते आणि पुढे खाडीतून समुद्राला मिळते. तलावाकाठी आणि दलदलीच्या कडेने घरे उठली, पण पाणी आपली जुनी वाट विसरले नाही. ते रस्त्यावर येते, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये शिरते आणि दोन दिवसांनी ओसरते. गाडी धुऊनपुसून, तेल बदलून सुरू होते. घरातले लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. खरे दुखणे पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सुरू होते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गाडी सिग्नलला बंद पडू लागते, पेट्रोल जास्त खाऊ लागते. मेकॅनिक सांगतो, 'प्रेशर सेन्सर गेला.'

सेन्सर बदलला जातो आणि दिवा विझतो. चार दिवसांनी तो पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर, नंतर प्लग, मग पेट्रोल पंपाची सफाई आणि शेवटी 'आता गाडी काढूनच टाका साहेब' हा सल्ला. आपल्याकडे याला 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात. बिघाड असतो तारेत आणि पैसे खर्च होतात सेन्सरवर. हे प्रकरण काय आहे ते नीट समजून घेतले, तर घरातल्या कोणालाही मेकॅनिकला चार नेमके प्रश्न विचारता येतील आणि निम्मा खर्च तिथेच वाचेल.

दाब कशाचा?

आधी एक गोंधळ दूर करू. गाडीत 'प्रेशर' या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब. त्याचा दिवा लाल असतो आणि त्यावर तेलाच्या बुधलीचे चित्र असते. हा दिवा गाडी चालू असताना लागला, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि तेलाची पातळी पाहावी. इथे 'सेन्सर खोटे बोलत असेल' असे म्हणून पुढे जाऊ नये. तेलाचा दाब खरोखरच गेला असेल, तर काही मिनिटांत इंजिनाचे भाग घासून निकामी होतात.

दुसरा दाब इंजिनात शिरणाऱ्या हवेचा. आपला आजचा विषय हाच. या हवेच्या मार्गाला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात आणि तिथला दाब मोजणाऱ्या छोट्या डबीला मॅप सेन्सर. हा बिघडला की लागतो तो पिवळा 'चेक इंजिन' दिवा. याने गाडी जागच्या जागी मोडत नाही, पण दुर्लक्ष केले तर खिसा हळूहळू रिकामा होतो.

कार्बुरेटर गेला, सेन्सर आला

ज्यांनी प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसडर चालवली आहे, त्यांना थंडीच्या सकाळी चोक ओढणे आठवत असेल. त्या काळी हवेत पेट्रोल किती मिसळायचे, ते कार्बुरेटर ठरवायचा. तो निव्वळ यांत्रिक होता. पेचकस घेऊन बसले की त्याची समजूत काढता यायची. 2000 सालापासून देशभर धुराचे नवे नियम लागू झाले आणि इंजेक्शनची इंजिने सर्रास झाली. 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती 800 सुद्धा याच सुमारास एमपीएफआय झाली. कार्बुरेटरची जागा एका छोट्या संगणकाने घेतली. त्याला ईसीयू म्हणतात.

हा संगणक आंधळा असतो. हवा किती आली हे त्याला दिसत नाही. त्याला कोणीतरी सांगावे लागते. ज्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तिथे हे सांगण्याचे काम तो करतो. मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनाचा वेग आणि हवेचे तापमान या तीन गोष्टींवरून ईसीयू हवेचा हिशेब मांडतो आणि तेवढ्या बेताने पेट्रोल सोडतो. सांगणाऱ्याने चुकीचे सांगितले, तर सगळा हिशेबच चुकतो.

हा सेन्सर काय सांगतो तेही सोपे आहे. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यासारखीच हवा असते, म्हणून तो वातावरणाचा दाब दाखवतो. चेन्नई किंवा मुंबईला, म्हणजे समुद्रकाठी, हा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो. पुण्याला तो 95 च्या आसपास, महाबळेश्वरला 86 च्या आसपास आणि उटीला 77 च्या आसपास भरतो. इंजिन सुरू करून ते संथ चालू ठेवले, की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने इंजिन हवा ओढते, पण ती पुरेशी येत नाही. आतला दाब उतरून साधारण 30 ते 40 पर्यंत येतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो पुन्हा वर चढतो. सेन्सर हाच चढउतार व्होल्टमध्ये सांगतो. दाब जास्त तर व्होल्ट जास्त, दाब कमी तर व्होल्ट कमी.

तीन तारांची गोष्ट

बहुतेक मॅप सेन्सरना तीन तारा असतात. काहींमध्ये हवेचे तापमान मोजण्याचीही सोय असते, तिथे चार. यातली पहिली तार ईसीयूकडून 5 व्होल्टचा पुरवठा आणते. दुसरी अर्थिंगची. तिसरी निरोपाची, म्हणजे सिग्नलची. सेन्सर पहिल्या दोन तारांच्या आधाराने जगतो आणि तिसरीवरून बोलतो.

'सेन्सर खराब' हा निवाडा घाईचा का ठरतो, ते इथे कळते. पहिल्या तारेतून 5 व्होल्ट आलेच नाहीत, तर धडधाकट सेन्सरही मुका होतो. अर्थिंग तुटले, तर तो भलतेच मोठे आकडे सांगू लागतो. तिसरी तार कुठे गाडीच्या पत्र्याला टेकली, तर निरोप वाटेतच गडप होतो. ईसीयूला या तिन्ही वेळी एवढेच कळते, की दाबाचा आकडा पटण्यासारखा नाही. तो दिवा लावतो आणि एक कोड नोंदवून ठेवतो. त्या कोडचा अर्थ 'सेन्सरच्या मंडलात दोष' असा असतो. मंडल म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, तारा, जोड आणि ईसीयू, सगळे मिळून. स्कॅनरवर मंडलातला दोष वाचायचा आणि फक्त सेन्सर बदलायचा, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातला प्रकार झाला.

सगळ्यात फसवा दोष असतो तो अर्धवट गंजलेल्या अर्थिंगचा. तार तुटलेली नसते, फक्त जोडावर गंज असतो. त्यामुळे सेन्सरचा निरोप जेमतेम पाव व्होल्टने फुगतो. पाव व्होल्ट ऐकायला काहीच नाही, पण अनेक सेन्सरांच्या हिशेबात ते पाच-सहा किलोपास्कल भरतात. इंजिन संथ चालले असताना आतला खरा दाब 35 असेल, तर ईसीयूला तो 40 वाटतो. हवा जास्त आली असे समजून तो पेट्रोलही जास्त सोडतो. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असल्यास तो ही चूक काही प्रमाणात सावरून घेतो, पण मर्यादेपलीकडे त्याचेही चालत नाही. पुष्कळदा दिवाही लागत नाही. गाडी नुसती पेट्रोल पिते, आणि घरात एकमेकांच्या चालवण्याला दोष दिला जातो.

पुराचे पाणी आणि 'कळकणे'

बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांतून पूर्वी सर्वांना माहीत असे. तांब्याला आंबट किंवा खारट ओल लागली, की त्यावर हिरवट थर चढतो. गाडीतल्या तारा तांब्याच्याच. पुराचे पाणी म्हणजे शुद्ध पावसाचे पाणी नव्हे. त्यात गटाराचे पाणी असते, चिखल असतो, क्षार असतात. वेलचेरीहून समुद्रही दूर नाही, म्हणजे एरवीची हवादेखील खारट आणि दमट.

पाणी कपलरमध्ये शिरते आणि वरून सगळे वाळले तरी आत ओल राहते. तारेच्या आवरणाखाली तांब्याचे अनेक बारीक धागे एकत्र पिळलेले असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्या धाग्यांमधून आत सरकते. म्हणून कपलर बाहेरून चकचकीत दिसतो, पण चार बोटे पलीकडे आवरणाखाली तांबे काळे-हिरवे पडलेले असते. हे काम सावकाश चालते. पूर येऊन गेल्याचे लोक विसरतात, तेव्हा दिवा लागतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तर ती कधी पाण्यात होती हेच ठाऊक नसते.

दोष पुराशिवायही येऊ शकतो. इंजिनाच्या उष्णतेने कपलरचे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि त्याची कुलुपी मोडते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि तारा कुरतडतात. त्यामुळे ही माहिती वेलचेरीइतकीच वसईला, सांगलीला आणि चिपळूणलाही उपयोगी आहे.

गाडी काय सांगते?

संथ चालताना इंजिन थरथरणे, सिग्नलला बंद पडणे, सकाळी सुरू व्हायला वेळ लागणे, अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडीने क्षणभर अडखळणे, मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येणे, ही लक्षणे. काही गाड्यांत ईसीयू सेन्सरवरचा विश्वासच काढून घेतो आणि थ्रॉटलच्या अंदाजावर इंजिन चालवतो. मग गाडी चालते, पण तिच्यात दम नसतो.

एक लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. खड्ड्यातून गेल्यावर, पावसाळी दिवशी किंवा इंजिन तापल्यावरच त्रास होतो आणि एरवी गाडी ठीक चालते, असे असेल तर संशय आधी तारांवर घ्यावा. सेन्सर आतून मेला, तर तो सहसा कायमचा मरतो. येऊन-जाऊन असलेला दोष बहुधा सैल जोडाचा असतो. कोणत्या वेळी त्रास होतो याची आठवडाभर वहीत नोंद ठेवली, तर ती मेकॅनिकच्या फार कामी येते.

तपासणी : क्रमाने आणि शांतपणे

यासाठी लागते एक मल्टीमीटर. चेन्नईत रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, अशा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक बाजारात तो काही शे रुपयांत मिळतो. घरात विजेची किरकोळ कामे करणारे कोणी असेल, तर त्याला हे जमण्यासारखे आहे. नाहीतर निदान हा क्रम मेकॅनिककडून पाळून घ्यावा.

पहिली पायरी डोळ्यांची. इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडून सेन्सर शोधावा. काही गाड्यांत तो सरळ मॅनिफोल्डवर बसवलेला असतो, काहींत मागच्या पत्र्यावर, आणि तिथून एक बारीक रबरी नळी मॅनिफोल्डला जाते. नळी असेल तर आधी तीच पाहावी. उष्णतेने ती कडक होते, चिरते किंवा निसटते. मग सेन्सर मॅनिफोल्डऐवजी बाहेरचीच हवा मोजतो आणि ईसीयूला वाटते की गाडी घाट चढते आहे. हा दोष तारांचा नाही, पण लक्षणे अगदी तीच. नळीचा तुकडा स्वस्तात मिळतो. तो न पाहता महागडा सेन्सर बदलल्याची उदाहरणे कमी नसतील.

दुसरी पायरी बॅटरीची. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. बॅटरीच अशक्त असेल किंवा तिच्या अर्थिंगच्या जाड पट्टीवर गंज असेल, तर पुढचे सगळे आकडे अविश्वसनीय ठरतात.

तिसरी पायरी कोड वाचण्याची. आपल्याकडे गाडीतल्या स्वयंतपासणीची, म्हणजे ओबीडीची, सक्ती 2010 नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना त्या त्या कंपनीला चालणारा स्कॅनर लागतो, आणि काहींत दिव्याची उघडझाप मोजून कोड ओळखतात. प्रचलित पद्धतीत पी-0107 म्हणजे निरोपाचे व्होल्ट फार कमी आणि पी-0108 म्हणजे फार जास्त. कोड कागदावर लिहून घ्यावा, तो पुसायची घाई करू नये. स्कॅनरवर दाबाचा आकडा दिसत असेल, तर किल्ली फिरवून पण इंजिन सुरू न करता तो पाहावा. चेन्नईत तो 100 च्या जवळपास हवा. तिथे 60 दिसले, तर काहीतरी बिनसले आहे हे उघड झाले.

चौथी पायरी तारांची, आणि हीच मुख्य. किल्ली बंद करून सेन्सरचा कपलर काढावा. आत हिरवट भुकटी, वाकलेली पिन किंवा ओल आहे का ते पाहावे. मग इंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी आणि कपलरच्या पुरवठ्याच्या पिनेवर व्होल्ट मोजावेत. ते 5 च्या आसपास, म्हणजे 4.8 ते 5.2 असावेत. नसतील, तर दोष सेन्सरमध्ये नाही, हे इथेच सिद्ध झाले. थ्रॉटलसारख्या दुसऱ्या सेन्सरलाही पुष्कळदा हेच 5 व्होल्ट पुरवलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, तर तो सगळ्यांचाच पुरवठा खेचून खाली आणतो. किल्ली बंद करून त्यांचे कपलर एकेक काढत जावे आणि दर वेळी मोजावे. ज्याचा कपलर काढल्यावर 5 व्होल्ट परत येतील, चोर तोच.

पाचवी पायरी अर्थिंगची. कपलर पुन्हा जोडून, किल्ली चालू ठेवून, मल्टीमीटरचे एक टोक सेन्सरच्या अर्थिंग तारेवर कपलरच्या मागच्या बाजूने लावावे आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर वाटेत कुठेतरी गंज आहे. अनेक जण इथे फक्त तार 'जुळते' की नाही ते पाहतात, मीटर पीं करतो आणि ते पुढे जातात. पण तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पीं करतोच. मंडल चालू असताना वाटेत किती व्होल्ट गळतात, ते मोजणे हाच खरा निकष.

सहावी पायरी निरोपाची. किल्ली चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत समुद्रकाठी निरोपाच्या तारेवर बहुतेक गाड्यांत 4 व्होल्टच्या आसपास किंवा थोडे अधिक दिसतात. इंजिन संथ चालू असताना ते 1 ते दीड व्होल्टपर्यंत उतरतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावा. नळीचा सेन्सर असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज नळीला लावून हळूहळू ओढावी. व्होल्ट अडखळल्याशिवाय उतरत गेले, तर सेन्सर निरोगी समजावा. आता इंजिन चालू ठेवून वायरिंग हलक्या हाताने, बोटभर अंतरा-अंतराने हलवत जावे. हलत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत. ज्या ठिकाणी आकडा उडी मारतो किंवा इंजिन दचकते, तिथेच दोष.

शेवटी सेन्सरजवळचा निरोपाचा आकडा आणि ईसीयूच्या टोकाला मिळणारा आकडा यांची तुलना करावी. दोन्ही सारखे असायला हवेत. फरक असेल, तर मधली तार दोषी. दोन्ही सारखे आणि योग्य असूनही ईसीयू चुकीचा दाब दाखवत असेल, तरच त्याच्याकडे बोट दाखवावे. पुरवठा, अर्थिंग आणि नळी ठीक असून सेन्सरच भलते बोलत असेल, तर तो बदलावा. तेव्हा तो खर्च सार्थकी लागतो.

काय करू नये

जुन्या सवयीने 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प या तारांना लावू नये. तो जेवढा प्रवाह ओढतो, तेवढा सोसण्यासाठी हे नाजूक मंडल बनवलेले नसते आणि त्यात ईसीयू जाऊ शकतो. सुईने तारेचे आवरण भोसकू नये, त्या छिद्रातून उद्या पाणी शिरेल. किल्ली चालू असताना कपलर ओढू नये. बॉनेटखाली जोराच्या पाण्याचा फवारा मारून इंजिन धुऊ नये.

पूर ओसरल्यावर गाडी सुरू होते का पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दाबले जात नाही. त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार सोडवून गाडी ओढून न्यावी. असे नुकसान विम्यात बसते की नाही, ते पॉलिसीवर ठरते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही. जुन्या गाड्यांचा विमा पुष्कळदा तेवढाच असतो, हे पावसाळ्याआधी पाहून ठेवलेले बरे.

दुरुस्ती कशी असावी?

गंजलेल्या तारेवर नुसती चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. तांबे जिथपर्यंत लालसर आणि स्वच्छ दिसेल, तिथपर्यंत तार कापून काढावी. त्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करून जोडावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. कपलरच्या पिना खाल्ल्या गेल्या असतील, तर तारेच्या शेपटीसह मिळणारा नवा कपलर बसवावा. चेन्नईत जनरल पॅटर्स रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत आणि जुन्या मालासाठी पुदुपेट प्रसिद्ध आहे. जुन्या गाडीतून काढलेला कपलर घेताना तारेचे टोक सोलून आत हिरवे नाही ना, ते पाहून घ्यावे. नाहीतर एका पुरातला गंज दुसऱ्या गाडीत यायचा.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावा आणि गाडी थंड, गरम, खड्ड्यातून आणि चढावर अशी चालवून पाहावी. दिवा पुन्हा लागला नाही, म्हणजे काम झाले.

जुनी गाडी आणि घर

हे सगळे एका पिवळ्या दिव्यासाठी करायचे का, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर घरोघरी वेगळे असेल. पण ज्या घरात गाडी 15 वर्षे ओलांडून गेली आहे, तिथे नोंदणीचे नूतनीकरण करायचे असते, धुराचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. पेट्रोल जास्त सोडणारे इंजिन धुराच्या चाचणीत नापास होऊ शकते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खाते आणि तो भाग सेन्सरपेक्षा कितीतरी महाग. गाडी सिग्नलला बंद पडते ती नेमकी मागे बस असताना, नाहीतर आजीला इस्पितळात नेताना. आणि अशा वेळी अनेक कुटुंबे एखाद्या गंजलेल्या पिनेपायी चांगली गाडी कवडीमोलाने विकून कर्जाने नवी घेतात.

मेकॅनिक लबाड असतो म्हणून असे होते, असे नव्हे. गॅरेजमध्ये गाड्यांची रांग असते. सेन्सर बदलायला दहा मिनिटे लागतात आणि तारा मोजत बसायला दोन तास. त्या दोन तासांची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, पण सेन्सरच्या डबीचे पैसे मात्र तो बिनतक्रार मोजतो. कारण डबी हातात दिसते आणि तपासणी दिसत नाही. डॉक्टरांनी नाडी न पाहता औषध दिले तर आपण नाराज होतो. गाडीच्या बाबतीत आपणच नाडी पाहण्याचे पैसे द्यायला कुरकुरतो.

ही सवय मोडायला हवी. मोठ्या भावाला आणि वडीलधाऱ्या माणसाला 'अण्णा' म्हणण्याची रीत तामिळनाडूत आहे तशी आपल्याकडेही आहे. वेलचेरीतल्या गॅरेजात जा की वसईतल्या, तिथे 'अण्णा, सेन्सर बदलून टाका' असे म्हणू नका. 'अण्णा, आधी तीन तारा मोजा, वेळेचे पैसे देतो' असे सांगा. मोजलेले आकडे कागदावर लिहून मागा. कोणत्या पिनेवर किती व्होल्ट मिळाले, अर्थिंगवर किती गळती दिसली आणि वायरिंग हलवल्यावर काय झाले, हे त्या कागदावर असले पाहिजे. तो कागद गाडीच्या पुस्तिकेतच ठेवून द्या. पुढच्या पावसाळ्यानंतर दिवा पुन्हा लागला, तर तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावरूनच ठरेल.